अर्ध्या संभाषणाची गोष्ट

जव्हारच्या एस.टी. स्टँडजवळ एके काळी एक एस.टी.डी. बूथ होता. लाकडी चौकट, काचेचं दार, आत छोटा पंखा आणि रुपये मोजणारे लाल आकडे. बाहेर रांग. ते दार कधीच नीट लागत नसे. त्यामुळे आतल्या माणसाचं बोलणं सगळ्या रांगेला ऐकू यायचं, पलीकडच्याचं मात्र नाही. ‘‘हां... कधी?... मग डॉक्टर काय म्हणाले?... नको, नको, मी रात्रीच्या गाडीनं निघतो.’’ एवढ्या चार तुकड्यांवरून रांगेला सगळं कळायचं. तो बाहेर आला की लोक काही न विचारता बाजूला सरकून त्याला वाट करून द्यायचे.

अर्धं संभाषण ऐकून उरलेलं अर्धं ओळखायची ही कला बूथबरोबरच संपली, असं मी धरून चाललो होतो. पण जगात काही माणसं आजही रात्ररात्र बसून नेमकं हेच करताहेत, आणि तेसुद्धा मुलांच्या जुन्या खेळण्यांसाठी, हे मला माझ्या भाच्याकडून कळलं. आज बोलणार आहे ते त्या माणसांविषयी.

भाचा भिवंडीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. एका रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तो आमच्याकडे जव्हारला आला, तो एक पांढरा चौकोनी डबा पोटाशी धरूनच. ‘‘मामू, ड्रीमकास्ट आहे. नीट धरा,’’ म्हणाला. मला वाटलं, मिक्सर वगैरे असेल. निघाला व्हिडिओ गेमचा कन्सोल. जपानच्या सेगा कंपनीनं तो १९९८ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला होता. म्हणजे भाच्याच्या शाळेच्या दप्तरापेक्षाही जुना.

व्हिडिओ गेम म्हणजे आमच्या पिढीला आठवतात ती नव्वदच्या दशकातली यंत्रं. बहुतेक सगळी जपानी यंत्राची नक्कल. वरून ‘कॅसेट’ खोचायची, चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. त्या फुंकरीनं नेमकं काय व्हायचं, देव जाणे. दोन जॉयस्टिक असत आणि दुसरा खेळाडू शेजारीच मांडी घालून बसलेला असे. त्याचा खेळ बंद करण्याचा अधिकार फक्त त्याच्या आईला होता. ते यंत्र आज माळ्यावरून काढलं आणि सुदैवानं सुरू झालं, तर खेळ पूर्वी होता तसाच्या तसा सुरू होतो.

ड्रीमकास्टची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात मोडेम बसवलेला. टेलिफोनची तार खोचायची, यंत्र स्वतःच नंबर फिरवायचं आणि हजारो मैलांवरच्या परक्या माणसाशी खेळता यायचं. पण या दोघांच्या मध्ये एक तिसरा आला, तो म्हणजे कंपनीचा सर्व्हर. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसत, तसाच हा. कोण आलंय, कुणाला कुणाशी जोडायचं, कुणाचे गुण किती, हे सगळं त्याच्या वहीत. यंत्र तुमच्या घरात, तबकडी तुमच्या घरात, दोन्ही पैसे मोजून घेतलेल्या. पण तो ऑपरेटर कंपनीचा. त्यानं खुर्ची सोडली की तुमचं यंत्र फोन लावत राहतं आणि पलीकडे कुणी उचलत नाही.

हे ड्रीमकास्टच्या आधीही घडलं होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये एक्सबँड नावाचा मोडेम आला. जुन्या कन्सोलला तो जोडायचा आणि फोनवरून खेळायचं. १९९७ मध्ये ती सेवा बंद पडली. जपानची गोष्ट तर आपण रेडिओवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. तिथे सेंट गिगा नावाचं उपग्रहावरून चालणारं रेडिओ केंद्र होतं. निन्टेंडो कंपनीनं १९९५ च्या एप्रिलपासून त्या केंद्रावरून चक्क खेळ प्रसारित करायला सुरुवात केली. या सेवेचं नाव सॅटेलाव्ह्यू. आपण ठरलेल्या वेळी श्रुतिका ऐकायला बसायचो, तशी मुलं ठरलेल्या वेळी कन्सोल लावून बसत. खेळ आकाशातून उतरे आणि काही खेळांत त्याबरोबर नटांचे आवाजही येत : आता इकडे जा, सावध, वेळ संपत आलीय. सगळ्या जपानातली मुलं एकाच घटकेला तो एकच खेळ खेळत. २००० सालच्या जूनअखेर हे प्रसारण थांबलं. खेळाचा काही भाग मुलांच्या यंत्रातल्या छोट्या स्मृतिपेट्यांत उरला. आवाज मात्र त्यात साठवताच येत नसे. तो हवेत आला आणि गेला. पुढे काही हौशी मंडळींनी त्या पेट्या जुन्या बाजारातून गोळा केल्या. कुणी तेव्हा घरच्या व्हिडिओ टेपवर खेळ टिपून ठेवला होता, त्याच्याकडून आवाज मिळवला आणि दोन्ही एकत्र शिवून त्यातले काही खेळ पुन्हा उभे केले.

आता पुन्हा ड्रीमकास्टकडे. सेगाचा धंदा बसत गेला आणि ३१ जानेवारी २००१ ला कंपनीनं जाहीर केलं की हे यंत्र बनवणं आम्ही थांबवतो आहोत. जगभर एकूण ९० लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली. गंमत म्हणजे त्याच्या महिनाभरच आधी, २००० च्या डिसेंबरात, त्यावरचा सगळ्यात गाजलेला ऑनलाइन खेळ जपानात आला होता : फँटसी स्टार ऑनलाइन. चार जणांनी टोळी करून परक्या ग्रहावर उतरायचं आणि राक्षसांशी लढायचं. लढाईत मला रस नाही. मला कुतूहल वाटलं ते त्यातल्या बोलण्याच्या सोयीचं. टोळीत एक जपानी, एक जर्मन, एक स्पॅनिश पोरगा असेल, तर बोलणार कसं? खेळ करणाऱ्यांनी तयार वाक्यांचा एक साठाच आत भरून ठेवला. आपण आपल्या भाषेत वाक्य निवडायचं, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, अशा पाच भाषा. आयुष्यभर मी घरात एक भाषा बोललो आणि कागदावर दुसरी लिहिली. त्यामुळे असेल कदाचित, पण त्या दुभाष्यावर माझा जीव जडला.

कंपनीनं एकेक करून हे सर्व्हर बंद केले. खेळणारे पांगले, पण सगळे नाही. मध्यंतरी जगातून डायल-अप इंटरनेटच नाहीसं होत आलं. घरात फोनची तारच नाही, तर हे यंत्र बोलणार कुणाशी? शिवाय ते आपल्या वाडवडिलांसारखं शिस्तीचं. आधी रिसीव्हर उचलतं, डायल टोन ऐकतं, टोन आला तरच नंबर फिरवतं. टोन नाही, तर पुढे पाऊल टाकत नाही.

यावर साधारण दशकभरापूर्वी ल्यूक बेनस्टेड या ब्रिटिश प्रोग्रामरनं एक युक्ती काढली. रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटएवढा स्वस्त संगणक मिळतो. त्याला एक मोडेम जोडायचा आणि ड्रीमकास्टची तार त्या मोडेमला. मग हा छोटा संगणक काय करतो, तर डायल टोन वाजवतो! रेकॉर्ड केलेला. ड्रीमकास्टला वाटतं, चला, लाइन आली. ते नंबर फिरवतं. छोटा संगणक आकडे ऐकतो, टोन थांबवतो आणि आपणच एक्स्चेंज असल्यासारखा फोन उचलतो. पुढचा प्रवास घरातल्या साध्या इंटरनेटवरून. या जुळणीचं नाव ड्रीमपाय. काही यंत्रं तारेत वीज आहे की नाही हेही तपासतात. त्यांच्यासाठी मध्ये बॅटरी लावून तेवढीही फसवणूक करायची.

भाच्यानं तो टोन मला लॅपटॉपवर वाजवून दाखवला. ऊंऽऽ असा एकसुरी आवाज. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘कुणाचा फोन आहे?’’ आमच्या घरातला तो फोन काढून टाकल्याला कितीतरी वर्षं झालीत.

पण लाइन लागली म्हणजे काम झालं असं नाही. खरी मेहनत पुढेच आहे. यंत्रानं फोन लावला, आता पलीकडे कुणीतरी पाहिजे आणि त्यानं बरोब्बर तेच बोललं पाहिजे जे कंपनीचा ऑपरेटर बोलत असे. तो काय बोलायचा हे कंपनीनं कधी कुणाला सांगितलेलं नसतं. मग ही मंडळी त्या बूथबाहेरच्या रांगेत जाऊन उभी राहतात. यंत्र काय विचारतं ते टिपतात. उत्तर चुकलं की यंत्र फोन आपटतं. मग दुसरं उत्तर द्यायचं. तबकडीवरची मूळ आज्ञावली उलगडून पाहायची : इथे त्याला एक आकडा हवा आहे, इथे एक नाव हवं आहे. असं करत करत पलीकडच्याचं सगळं बोलणं बांधून काढायचं. एकेका खेळामागे महिने जातात, कधी वर्षं. पैसा नाही. त्या खेळाचे चाहते जगात मोजकेच उरलेले, तेवढ्यांपुरतीच शाबासकी.

सेवा चालू असताना कुणाला दोन्ही बाजू टिपून ठेवण्याचं सुचलं असेल, तर काम सोपं होतं. म्हणून शहाणे लोक आता मयताची वाट पाहत नाहीत. निन्टेंडोनं वी आणि डीएस या यंत्रांची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला बंद करायचं ठरवलं. साडेतीन कोटींहून जास्त खपलेला मारिओ कार्ट वी हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ त्यात मुका होणार होता. त्याच्या दहा दिवस आधी, १० मेला, दोन हौशी जर्मन मंडळींनी आपला पर्यायी सर्व्हर सुरूही करून टाकला. त्याचं नाव विमफाय. एकाचं टोपणनाव विम, दुसऱ्याचं लेझेराट्टे. या जर्मन शब्दाचा अर्थ आपण ‘पुस्तकातला किडा’ म्हणतो तोच. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये निन्टेंडोनं थ्रीडीएस आणि वी यू ही यंत्रं मुकी केली, तेव्हा प्रिटेंडो नावाच्या गटानं आधीच खेळाडूंना हाक दिली होती : जे खेळाल ते संभाषण टिपून ठेवा, नंतर लागेल.

आणि ज्यांना काहीच टिपता आलं नाही, ते काय करतात? मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची सेवा १५ एप्रिल २०१० ला संपली. नव्या यंत्रासाठी जे बदल करायचे होते ते जुन्याला पेलणारे नव्हते, असं कारण कंपनीनं दिलं. कारण खोटं नसावं. पण त्यात एक फट राहिली : नवं कुणाला आत येता येत नव्हतं, आधीपासून आत असलेल्याला मात्र कुणी बाहेर काढत नव्हतं. हेलो २ या खेळाच्या काही खेळाडूंनी त्या दिवशी यंत्रं बंदच केली नाहीत. दिवस गेले, आठवडे गेले, यंत्रं चालूच. कुणाचं तापून बंद पडलं, कुणाचं इंटरनेट क्षणभर गेलं आणि दार कायमचं लागलं. उरल्या चौदांची जगभर बातमी झाली. एकेक करत गळत गेले आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचाही बाहेर फेकला गेला. एक महिनाही नाही भरला. त्या मोकळ्या मैदानात तो शेवटचा गडी एकटा कुणाशी खेळत होता, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पुढे २०२२ च्या अखेरीस इन्सिग्निया नावाच्या गटानं त्या यंत्रासाठी मुळापासून नवी सेवा लिहून लोकांना खुली केली. मधली साडेबारा वर्षं कोरी.

हे सगळं ऐकताना माझ्या मनात दुसराच एक विचार चालू होता, तो लपवत नाही. मी ज्या डोंगरात राहतो त्या जव्हार-मोखाड्याची नावं १९९२ साली राज्यभर पोचली ती वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. आजही मोखाड्याच्या काही पाड्यांवर फोनवर बोलायचं तर रेंज असलेला दगड शोधून त्यावर उभं राहावं लागतं. इथे बसून जपानी-अमेरिकी पोरांच्या बंद पडलेल्या खेळांचं दुःख कशाला करायचं? भाच्याला मी हे विचारलंही. तो मान खाली घालून तारा गुंडाळत राहिला.

उत्तर मला सापडलं ते माझ्याच एका जुन्या दुखण्यात. नव्वदच्या दशकात एका रेडिओ केंद्रावर आमचा कार्यक्रम झाला होता. मी कविता वाचल्या आणि माझ्याबरोबर मोखाड्याकडचे एक म्हातारे तारपावादक होते. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान यांचं वाद्य. वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती. म्हाताऱ्यानं स्टुडिओत विचारलं होतं, ‘‘नाचणारी कुठं हायती?’’ कुणी नव्हतं. मग त्यानं डोळे मिटून वाजवलं. काही वर्षांनी तो गेला. त्याच्या नातवाला ती वाजवणी हवी होती. मी चौकशी केली तर कळलं, ती टेप पुसून तिच्यावर दुसरं काही घेतलं गेलं. टेपा कमी असत, तेव्हा असं सर्रास व्हायचं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. मला मात्र ते फार लागलं. माझ्या कविता गेल्या त्याचं काही नाही, त्या वहीत आहेत. त्याची फुंकर कुठल्या वहीत होती?

मग दोनेक वर्षांनी खोडाळ्याच्या बाजूच्या एका प्राथमिक शिक्षकानं सांगितलं की, तो कार्यक्रम त्यानं घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतला होता. सुरुवात तुटलेली. मध्येच कोंबडा आरवतो. एके ठिकाणी त्याची बायको ‘‘जेवायला या,’’ म्हणून हाक मारते. पण तारपा आहे. नातवानं ती कॅसेट घासून घासून ऐकली. जिथे ध्वनी अडखळतो तिथे बोटं कशी पडली असतील हे त्यानं स्वतः वाजवून वाजवून शोधलं. आता तो वाजवतो, आणि भोवती फेर असतो. भाच्याच्या त्या पांढऱ्या डब्याकडे मी पुन्हा पाहिलं ते हे आठवल्यावर.

आमच्याकडे बोहाडा असतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर संबळाच्या ठेक्यावर नाचत सोंगं येतात. अनेक गावांत कुठलं सोंग कुणाच्या घराण्यानं आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एखाद्या घरातला माणूस मुंबई-नाशिकला गेला की मुखवटा आढ्याला टांगलेला राहतो. मुखवटा खराब झालेला नसतो. फक्त त्याच्या पुढचं आणि मागचं सोंग घेणारे, ठेका धरणारे, बघणारे तिथे नसतात. बंद सर्व्हरच्या खेळाची तबकडी अशीच टांगलेली असते.

फरक एवढाच की बोहाडा पुन्हा उभा करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि इथे प्रश्न कोर्टापर्यंत जातो. बीनेटडी नावाचा पर्यायी सर्व्हर लिहिणाऱ्या अमेरिकी मंडळींविरुद्ध ब्लिझार्ड कंपनी कोर्टात गेली आणि २००५ साली अपील न्यायालयानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. तिथे कंपनीची स्वतःची सेवा चालू होती, हे खरं. पण बंद पडलेल्या सेवा उभ्या करणाऱ्यांच्याही पोटात तेव्हापासून गोळा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेनं ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना असे खेळ जपण्याची थोडी मुभा दिली, पण अट अशी की ते त्या इमारतीच्या बाहेर जाता कामा नयेत. ज्या खेळाचा प्राणच दूरच्या माणसाशी खेळण्यात आहे, तो एका खोलीत जपायचा! कायदा करणाऱ्यांनी हे खेळ स्वतः कधी खेळले नसावेत.

अलीकडे मात्र सामान्य गिऱ्हाईक बोलू लागलं आहे. २०१४ मध्ये विकलेला द क्रू हा मोटारींचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला बंद केला. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी तो चालेना. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकी गृहस्थानं ‘खेळ मारणं थांबवा’ अशी मोहीम उघडली आणि युरोपीय संघाकडे जाणाऱ्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. मागणी फार मोठी नाही. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. जाताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जा, एवढंच. कंपन्यांची बाजूही आहे : खर्च, सुरक्षितता, दुसऱ्यांकडून उसन्या घेतलेल्या आज्ञावली. मला तरी मागणी रास्त वाटते. विकताना वस्तू म्हणून विकायचं आणि बंद करताना सेवा होती म्हणायचं, असला व्यवहार आमच्या आठवडी बाजारात चालत नाही.

आता भाच्याच्या त्या रात्रीकडे येतो. असे जिवंत केलेले सर्व्हर चालू असतात, पण बहुतेक वेळ रिकामे. गर्दी परत आणता येत नाही. म्हणून ही मंडळी वार आणि वेळ ठरवून जमतात, अमेरिकेतल्या संध्याकाळी. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि रमजानमध्ये त्या वेळी आम्ही सहरीसाठी उठलेलेच असतो. भाच्यानं मोबाइल खिडकीच्या त्या एका कोपऱ्यात ठेवला जिथे नेट धरतं, छोट्या संगणकाला त्यावर जोडलं आणि ड्रीमकास्ट सुरू केलं. यंत्रानं टोन ऐकला, नंबर फिरवला. खूप वेळ काही झालं नाही. बायकोनं दूध आणि खजूर पुढे ठेवले. मग पडद्यावर एक हिरवट दालन उघडलं आणि त्यात तीन आकृत्या उभ्या.

‘‘मामू, काहीतरी बोला त्यांच्याशी,’’ भाचा म्हणाला. वाक्यांचा साठा समोर होता. त्यात मराठी नव्हती, उर्दूही नव्हती. मी इंग्रजीतलं एक साधं अभिवादन निवडलं. त्यातल्या एका आकृतीनं हात हलवला. तिला ते कुठल्या भाषेत दिसलं असेल, सांगता येणार नाही. तिचं उत्तर आलं, पण ते मी वाचेपर्यंत नेट गेलं, आणि मशिदीतून सहरी संपत आल्याची सूचना झाली. भाचा घाईघाईनं पाणी प्यायला आणि पुन्हा नंबर फिरवायला बसला.